दिवाळीनंतर फाटक उघडं ठेवा

पुण्यात राहणाऱ्या आणि सासवड, भोर, वेल्हे, मुळशी या बाजूंना जमीन घेतलेल्या सर्वांना ही विनंती आहे. दिवाळी झाली की फलटण, बारामती, पुरंदरकडचे अनेक धनगर मेंढ्या घेऊन घाट उतरतात, कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्यांच्या वाटा आज आपल्या तारेच्या कुंपणांवर अडतात. यंदा धनगरांचा एखादा वाडा, म्हणजे कुटुंबं आणि कळपांचा तांडा, तुमच्या शिवारात आला, तर त्याला हाकलू नका. मेंढ्या बसवून घ्या.

संध्याकाळी रिकाम्या रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढ्या कोंडतात. रात्रभराचं लेंडीखत आणि मूत जागेवरच जमिनीला मिळतं. दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या तुकड्यावर सरकते. याचा मोबदला धान्यात किंवा रोखीत ठरतो, तो घासाघीस न करता द्या. प्यायला पाणी द्या. कळप पुढे जायला निघाला की जाऊ द्या, कारण एकाच माळावर मेंढ्या महिनोन्‌महिने राहिल्या तर तो उजाड होतो. चरून पुढे गेल्यावर जमिनीला उसंत मिळते आणि पावसात गवत पुन्हा फुटतं.

अशा जमिनीवर जीव परततात. शेण-लेंड्या पडल्या की काळे भुंगे येतात, त्यांचे गोळे करतात आणि मातीत पुरतात. माती भुसभुशीत होते, माश्यांची पैदास घटते. हे काम किती मोलाचं आहे ते ऑस्ट्रेलियाने अनुभवलं. तिथले देशी भुंगे कांगारूंच्या लेंड्यांना सरावलेले होते, गाईचं शेण त्यांना आवरेना. कुरणं शेणाने झाकली जाऊ लागली, तेव्हा १९६०च्या दशकापासून त्या देशाने आफ्रिकेतून आणि इतर ठिकाणांहून भुंगे मुद्दाम आणवले. आपल्याकडे ते आपणहून येतात. त्यांच्यामागून पक्षी येतात. जनावरांच्या पायाशी गायबगळे आणि पाठीवर कोतवाल कोणी पाहिले नाहीत?

मधमाश्यांची गोष्ट याहून महत्त्वाची वाटते. पोळी बांधणाऱ्या सातेरी आणि आग्या आपल्याला ठाऊक असतात, पण जगातल्या बहुतेक जातींच्या मधमाश्या एकेकट्या राहतात आणि त्यातल्या बऱ्याचशा जमिनीत बीळ करतात. वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलातले पराग नुसतं बसून सुटत नाहीत. फुलाला धरून अंग थरथरवावं लागतं. सातेरीला ते जमत नाही, निळ्या पट्ट्यांच्या भुईमाशीला जमतं. पुरंदरच्या सीताफळाची फुलं तर मधमाशीपेक्षा बारीक भुंगेऱ्यांवर अवलंबून असतात आणि हे भुंगेरे कुजत्या फळांत, पालापाचोळ्यात वाढतात. म्हणून एक कोपरा न नांगरता ठेवा. बांधावरची एकदांडी, रानतुळस, कुर्डू उपटू नका. तणनाशक मारून बांध लख्ख करणं ही नीटनेटकेपणाची फार महाग कल्पना आहे. बागेवर फवारणी टाळताच येत नसेल, तर निदान फुलोऱ्यात आणि सकाळी करू नका.

ज्यांनी हौसेने गाई पाळल्या आहेत त्यांना आणखी एक सांगणं आहे. आयव्हरमेक्टिनसारखं जंतनाशक शेणातून बाहेर पडतं आणि त्यातल्या भुंग्यांच्या, माश्यांच्या अळ्या मारतं. कॅलेंडर पाहून सरसकट डोस देऊ नका. आधी शेण तपासून घ्या, पशुवैद्यांना विचारा. औषध दिलंच तर काही दिवस ते जनावर माळावर सोडू नका. एक औषध काय करू शकतं ते आपण पाहिलं आहे. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडं संपत आली, तेव्हा कुठे २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

आणि कृपा करून माळ मोकळा दिसतो म्हणून तिथे दाट झाडं लावू नका. सरकारी नकाशांवर असे माळ पडीक म्हणून नोंदले गेले, तो शिक्का आपल्याही मनावर बसला आहे. माळटिटवी, चंडोल, धाविक उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. चिंकारा आणि लांडगा याच गवताचे. चिंकाऱ्यांसाठी सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झालं, पण त्याचं क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटर आहे. बाकीचे प्राणी गायरानांवर, धनगरांच्या वाटांवर आणि तुमच्या-आमच्या जमिनींवर जगतात. लांडगा मेंढी नेतो, हे खरं आहे, आणि त्याचा भार एकट्या मेंढपाळाने का सोसावा? तुमच्या रानात असं घडलं तर लगेच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि पंचनामा होऊन त्याला भरपाई मिळेपर्यंत त्याच्या बरोबर उभे राहा.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे गवताळ प्रदेशांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. पुण्याने ते साजरं करायला सभागृह घेण्याची गरज नाही. जमीन असेल त्यांनी दिवाळीआधी राखणदाराला सांगून ठेवावं: वाडा आला तर फाटक उघड, विहिरीवरून पाणी दे, आणि मला फोन कर. जमीन नसलेल्यांनी महामार्गावर कळप दिसला की गाडी थांबवावी, हॉर्न वाजवू नये. उन्हाळ्यात टेकड्यांवर फिरायला जाल तेव्हा वाळलेल्या गवतात काडी किंवा सिगारेट टाकू नका. सोसायटीच्या गच्चीखाली आग्या माश्यांनी पोळं केलं, तर धूर-औषधवाल्याला बोलावण्याआधी शिवाजीनगरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत विचारा. ही संस्था १९६२ पासून आपल्याच शहरात आहे.