शिक्का आणि साख

म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या दारूगोळा बनविणाऱ्या सरकारी कंपनीला २०२५ साली मिळालेल्या मिनिरत्न दर्जाचे, म्हणजेच खर्चाबाबतच्या अधिक स्वायत्ततेचे, आम्ही स्वागत करतो. परंतु त्याच्या बळावर कंपनीने नाममुद्रेच्या प्रसिद्धीस सढळ हाताने खर्च करावा आणि जबलपूरच्या खमरिया येथील आपल्या निर्माणीतील सुरक्षिततेबाबत मात्र हात आखडता घ्यावा, असे घडता कामा नये.

साबणाचा कारखानदार जाहिरातीने आपले नाव घरोघर पोचवितो आणि एखादी वडी खराब निघाली तर ती बदलून देऊन मोकळा होतो. दारूगोळ्याच्या व्यापारात ती सवलत नाही. गोळ्याच्या अंगावर निर्माणीची खूण, लॉट क्रमांक आणि वर्ष नोंदलेले असते, आणि तो नळीतच फुटला तर जबाब कोणाकडून मागावयाचा, हे गिऱ्हाईक त्या एका ओळीवरून ठरविते. जुन्या आयुध निर्माण्यांची कंपनी झाल्यावर ऑक्टोबर २०२१ पासून आलेले नवे नाव, पुण्याचे मुख्यालय, प्रदर्शनांतील देखणी दालने हे सर्व ठीकच (त्यांवाचून परदेशी गिऱ्हाईक फिरकत नाही, हेही खरे). तथापि २२ ऑक्टोबर २०२४ रोजी खमरियात झालेला स्फोट आणि सुमारे तीन महिन्यांनी, २४ जानेवारी २०२५ रोजी, याच कंपनीच्या भंडारा येथील निर्माणीत गेलेले कामगारांचे बळी यांनी त्या नावाची जी हानी केली, ती कोणत्याही जाहिरातीने भरून निघणारी नाही.

म्हणून कंपनीने वार्षिक ताळेबंदाबरोबर निर्माणीवार अपघातांची आणि त्यांवर योजिलेल्या उपायांची फेरिस्त बिनदिक्कत प्रसिद्ध करावी, आणि संरक्षण मंत्रालयाने ती तपासल्यावाचून प्रसिद्धीच्या वाढीव तरतुदीस मंजुरी देऊ नये.