ऊन सगळ्यांचं, मग गायरान कंपनीचं कसं?



आम्ही वैराग भागातली पारधी पोरं-पोरी. ही पत्रिका डोंगरातल्या आणि जंगलातल्या गावांत वाचली जाते. तुम्ही म्हणाल, बार्शी तालुक्यात कुठलं आलंय जंगल? खरं आहे. आमच्याकडं साग नाही, मोह नाही. माळ आहे, कुसळी गवत आहे, हिवर, बाभळ, तरवड आहे. पण तुम्हाला जसं जंगल, तसं आम्हाला गायरान. तुमच्याकडं जे काल झालं ते आमच्याकडं आज होतंय, म्हणून लिहितोय.

ज्वारी पोटरीत असताना मोजणीवाले आले. आमच्या वस्तीमागच्या गायरानात, उभ्या ज्वारीतून टेप ओढली, खुंट्या ठोकल्या. आमच्या आजीनं विचारलं, "साहेब, पीक उभं हाय, मोजणी कशाची?" साहेब म्हणाले, "आजी, ही जागा पडीक आहे. सरकारी आहे. इथं सोलर होणार."

कमरेएवढ्या ज्वारीत उभं राहून माणूस म्हणतो, जागा पडीक आहे!

आधी एक गोष्ट साफ सांगतो. आम्ही सोलरच्या विरोधात नाही. हवामान बिघडलंय हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये एका रात्रीत पाऊस असा कोसळला की सोलापूर जिल्ह्यात काढणीला आलेलं पीक पाण्यात गेलं. २०२३ ला पाऊसच नाही, बार्शी तालुका दुष्काळी जाहीर झाला. कोळसा जाळणं थांबलं पाहिजे हे आम्हीही म्हणतो. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हेही म्हणतो. कारण रात्री लाईट येते तेव्हा बागायतदाराच्या उसात दारं धरायला जातो कोण? आमचीच पोरं. साप चावतो तोही त्यांनाच.

तेव्हा भांडण उन्हाशी नाही. भांडण हिशोबाशी आहे. तो हिशोब बघा.

सरकारची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. एक मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्यानं जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. म्हणजे एकरी पन्नास हजार, घरबसल्या. सरकारी जमीन आणि गायरान मात्र नाममात्र भाड्यात. ग्रामपंचायतीला बक्षीस म्हणून वर्षाला पाच लाख, तीन वर्षं. वीज कृषिपंपाला. आणि ज्यानं तो माळ दगड वेचून वहितीला आणला त्याला काय? नोटीस.

आमच्याकडं पंप नाही, विहीर नाही. वस्तीतल्या निम्म्या पालांत मीटरसुद्धा नाही. स्वच्छ वीज आमच्या डोक्यावरून जाणार आणि आमच्या ताटातली भाकरी घेऊन जाणार. त्या चार एकरांत आम्ही ज्वारी करतो, हुलगा, मटकी करतो. बाकीच्या माळावर शेरडं चरतात. खत विकतचं नाही, पाणी पावसाचं. धरतीला सगळ्यात कमी त्रास देणारी शेती कुठली असेल तर ती हीच. हवामान वाचवायच्या नावाखाली तीच मोडायची, याला काय म्हणावं?

आता कायद्याचं. "तुम्ही अतिक्रमणवाले" असं आम्हाला कचेरीत ऐकवतात. पण २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय काय सांगतो? १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसणाऱ्या भूमिहीनांचं अतिक्रमण नियमित करा. आमचा आजा त्याच्या आधीपासून कसत होता. दंड भरत होता. पावत्या आमच्या पेटीत आहेत. अर्ज तीन वेळा दिला, तीन वेळा "फाईल सापडत नाही". २०११ साली सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग खटल्यात गावच्या जमिनी मोकळ्या करा असं सांगितलं. त्या निकालाचं नाव घेऊन आम्हाला भीती घालतात. पण त्याच निकालात अपवाद लिहिलाय: सरकारी निर्णयानं भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जमीन दिली असेल तर ती नियमित करता येते. ते पान कुणी वाचून दाखवत नाही.

आणि गायरान दुसऱ्या कामाला वळवू नये असं महसूल संहितेचं कलम २२-अ सांगतं. सार्वजनिक कामाला सूट आहे, पण दुसरी योग्य जमीन नसेल तरच. आम्ही विचारतो, दुसरी जमीन शोधली का? कारखान्यांची, गोदामांची, बाजार समित्यांची छपरं मोजली का? मोजणीची टेप आधी आमच्याच ज्वारीत का आली?

वैरागहून सोलापूरला जाताना नान्नज लागतं. १९७९ साली तिथं माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. तेव्हा माळ मोलाचा होता, माणसांनी आत यायचं नव्हतं. आता सोलर आलं तर तसलाच माळ पडीक. गवताळ माळ जमिनीत कार्बन धरून ठेवतो, पाणी मुरवतो. नकाशावर मात्र तो पडीकच लिहिला जातो. जागा कुणाला हवी आहे यावर तिचं नाव ठरतं.

आणखी एक. इंग्रजांनी आम्हाला जन्मानं गुन्हेगार ठरवलं आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटमध्ये कोंडलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. तेव्हा तारेच्या आत आम्ही होतो. आता तारेच्या आत जमीन जाणार आणि आम्ही बाहेर. तार काही सुटली नाही.

जंगलातल्या भावांनो, तुमच्या हातात आमच्यापेक्षा मोठं हत्यार आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२). अपारंपरिक ऊर्जेचं काम गावासाठी करायचं तर एका ठिकाणी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजेच. म्हणजे कायद्यालाही सोलर मान्य आहे, पण गावाला विचारून, गावाच्या कामाचं, गावाच्या मापाचं. ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी २०१३ साली बॉक्साईटच्या खाणीला नाही म्हटलं आणि डोंगर वाचला. हा हक्क गायरानवाल्यांना का नाही?

आमची मागणी चार ओळींची आहे. १९९० पूर्वीच्या कसणाऱ्यांचे दावे आधी निकाली काढा. तोवर मोजणी बंद. आधी छपरं आणि भाडं घेऊन खुशीनं देणाऱ्यांच्या जमिनी, मग गायरानाचं बोला. आणि बोलायचं ते ग्रामसभेत, वस्तीतल्या बायांसमोर.

आता कामाला लागू. तलाठ्याकडून गाव नमुना १-ई ची नक्कल मागा, अतिक्रमणाची नोंद त्यात असते. दंडाच्या जुन्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पालात पाणी शिरतं. पंचनामा न वाचता अंगठा देऊ नका. मोजणीवाले आले तर शिवी नको, दगड नको. सगळ्यांनी उभ्या पिकात जाऊन बसायचं आणि लेखी आदेश मागायचा.

त्या दिवशी आजीनं तेच केलं. खुंटीशेजारी बसली ती उठलीच नाही. साहेबांकडं कागद नव्हता. टेप गुंडाळून गेले. ते परत येणार, हे आम्हाला ठाऊक आहे. तोवर ज्वारी काढून झाली असेल आणि आमचे कागद तयार असतील.

कसेल त्याची जमीन! ग्रामसभा जिंदाबाद!