पाठिंब्याचे गणित आणि कुळाची जमीन

जयपूरच्या तिलक नगरात संध्याकाळी फिरावयास निघणाऱ्या आम्हा निवृत्तांच्या गप्पांत १९६७चा विषय अजूनही निघतो. त्या वर्षी राजस्थानात कोणालाही स्पष्ट बहुमत मिळाले नाही. राज्यपाल संपूर्णानंद यांनी मोहनलाल सुखाडिया यांना सरकार बनविण्यास पाचारण केले. शहरात असंतोष उसळला, गोळीबार झाला आणि १३ मार्चला राष्ट्रपती राजवट आली. एप्रिलअखेर सुखाडियाच मुख्यमंत्री झाले. मधल्या काळात मतदार बदलले नव्हते, काही आमदारांच्या निष्ठा तेवढ्या बदलल्या होत्या. अल्पमत म्हणजे अस्थैर्य, हे समीकरण अशा प्रसंगांतून रूढ झाले. मला ते अपुरे वाटते.

गोवा केंद्रशासित असताना, डिसेंबर १९६३च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी स्वतःच्या १४ जागा मिळाल्या. प्रजासमाजवादी पक्षाच्या दोघांच्या आधारावर दयानंद बांदोडकरांनी कारभार हाती घेतला. पक्षाचे बळ खेड्यांत, कुळे आणि मुंडकारांमध्ये होते. संख्याबळ वाढण्याची वाट न पाहता या सरकारने १९६४चा कूळ कायदा करून कुळांना बेदखलीपासून संरक्षण दिले. पुढे शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत, १९७६च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याकडे मालकी देण्याची वाट मोकळी केली. १९७७मध्ये पक्षाला बरोबर निम्म्या, म्हणजे १५ जागा मिळाल्या आणि एप्रिल १९७९मध्ये पक्षांतर्गत फुटीमुळे सरकार गेले. कायदा मात्र राहिला.

प्रशासनात असताना मी अनुभवले आहे की, मंत्री डोकी मोजू लागले की फायली थांबतात. पाठिंबा देणारा प्रत्येक जण बदल्यांची यादी घेऊन येतो, आणि ज्यांच्या मतांवर पक्ष उभा राहिला तो शेतकरी कचेरीच्या ओट्यावर बसून राहतो. गोव्यातही कायद्यानंतर कुळांचे कितीतरी दावे मामलेदार कचेरीत वर्षानुवर्षे रेंगाळले. तेव्हा कायदा करणे हे निम्मेच काम; नोंद कुळाच्या नावावर चढणे हे उरलेले निम्मे.

म्हणून ग्रामीण भागाच्या बळावर सत्तेत आलेल्या अल्पमतातील सरकारला माझे एकच सांगणे आहे. सरकार किती दिवस टिकेल, हे सभागृहाला ठरवू द्यावे. हाती असलेल्या दिवसांत मात्र असे काम उरकावे, जे पुढच्या सरकारला परत घेता येणार नाही.