छोटे चाक, मोठी कटकट

भिलाईत 1959 साली पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबर वसलेल्या सेक्टरांत क्वार्टरपुढच्या तुकडाभर जागेत बाग फुलवण्याची हौस अनेक घरांत दिसते. माती वाहायची ढकलगाडी आणि गवत कापायचे यंत्र हे तिथले सोबती. पण ऐन पावसाच्या तोंडावर बाहेर काढावे, तर चाक बसलेले! भरली गाडी तशीच ओढली, तर रिमखाली टायर आणि ट्यूब दोन्ही चिरडतात.

छोट्या चाकात हवा मुळातच थोडी. त्यामुळे बारीकशी गळतीही त्याला लवकर बसवते. प्रथम हवा भरून व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे आले तर आतली पिन घट्ट करावी किंवा बदलावी. काम चार पैशांतच भागते. मग टायरभर आणि रिमच्या कडेने पाणी लावून पाहावे. खिळा किंवा काटा सापडला, तर आधी सगळी हवा सोडून मगच टायर उतरवावा. ट्यूबचे भोक पॉलिश पेपरने घासावे, सोल्युशन वाळू द्यावे आणि ठिगळ दाबून बसवावे. टायरच्या आत बोट न फिरवता जाड फडके फिरवावे. काटा राहिला असेल तर त्यात अडकतो.

ट्यूबलेस टायरची हवा पुष्कळदा गंजलेल्या रिमच्या कडेने जाते. गंज तारेच्या ब्रशने काढावा. टायरची कड रिमला धरत नसेल, तर टायरभोवती मधोमध दोरी बांधून काठीने पीळ द्यावा. कडा बाहेर फाकतात व हवा धरते. कड धरताच दोरी सोडावी. एवढ्यानेही भागले नाही, तर योग्य मापाची ट्यूब घालावी.

खरा धोका हवा भरताना असतो. ट्रकच्या टायरसाठी असलेला कॉम्प्रेसर हे चाक काही क्षणांत फुगवतो. चाक फुटले तर डोळा किंवा हात जायचा. टायरवर छापलेला आकडा ओलांडू नये. हातपंप उत्तम. कॉम्प्रेसर वापरलाच, तर थांबून थांबून दाब मोजावा, तोंड बाजूला ठेवावे आणि मुलांना दूर उभे करावे. कड बसवण्यासाठी पेट्रोल पेटवण्याचा आचरटपणा तर कदापि करू नये.

टाकाऊ टायर अंगणात पडू देऊ नये. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. चाक दुरुस्त झाले आणि घरात ताप शिरला, असे व्हायला नको!