शेवाळ खरवडण्यापूर्वी

पावसाळा सरू लागला की पेडणे व डिचोली तालुक्यांतल्या कित्येक घरांतून एक काम निघते. खराटा व कोयता घेऊन चिऱ्याची कुंपणे, विहिरीचे कठडे आणि माडा-पोफळींची खोडे खरवडायची व वर मोरचूद मारायचा. "फादर, झाडाला शेवाळ लागले, ते आता झाड पिऊन टाकील," असे बागायतदार आम्हांस सांगतात. आमचे मत याच्या अगदी उलट आहे.

प्रथम नावाचा घोळ सोडवू. तळ्यावर तरंगते किंवा अंगणात पाय घसरवते ते बुळबुळीत हिरवे-काळे थर बहुतेक शैवलाचे असतात. चिऱ्यावर मखमलीसारखी पसरते ती वनस्पती निराळी. भिंग धरून पाहिल्यास तिला इवलीशी खोडे व पाने दिसतात, आणि कधी कधी बारीक देठावर बीजाणूंची बोंडे. पुस्तकी मराठीत हिला हरिता म्हणतात, इंग्रजी शिकलेले मॉस म्हणतात. आपण सगळ्यांनाच शेवाळ म्हणतो, आणि एकाच्या अपराधासाठी दुसऱ्याला शिक्षा करतो.

आपल्याकडच्या दोन हरिता तरी प्रत्येक शेतकऱ्याने ओळखाव्यात. चिरा, वीट व सिमेंटवर वाढणारी हायोफिला ही एक. उन्हाळ्यात तिची पाने आत वळून सुरळी होतात व ती मेल्यासारखी तपकिरी दिसते. पाण्याचे चार थेंब टाका, थोड्याच वेळात पाने उलगडतात. दुसरी ऑक्टोब्लेफारम. माडाच्या बुंध्यावर फिकट, पांढुरक्या हिरव्या उशीसारखी बसते ती हीच. तिच्या जाड पानांत पोकळ पेशींचे थर असतात व त्यांत पाणी साठते.

हरितेला खरी मुळे नसतात. केसासारखे तंतू असतात, ते पकड घेण्यापुरतेच. पाणी व क्षार ती आपल्या अंगावरूनच शोषते, झाडाच्या सालीत शिरून रस पीत नाही. काजू-आंब्यावरचे बांडगूळ मात्र खरोखर फांदीत घुसते व झाडाचे अन्नपाणी ओढते. ते कापलेच पाहिजे. चोर सोडून शेजाऱ्याला मारण्यात काय शहाणपण? खोडावर हरिता दाट झाली, तर तिथे सावली व ओल अधिक आहे एवढेच समजावे. सावली फार वाटली तर वरच्या फांद्या विरळ कराव्यात. खोड खरवडले तर साल दुखावते व रोगाला वाट मिळते.

मोरचुदाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. पोफळीच्या कोळे रोगावर एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद व १ किलो चुना, हा खात्रीचा उपाय आहे. तो पावसाच्या तोंडावर व पुन्हा ४० ते ४५ दिवसांनी करावाच. पण जे रोग नाही त्यावर तांबे ओतणे म्हणजे पैसा आणि मजुरी वाया घालवणे होय. तांबे मातीत साचून राहते, व पाटातून व्हाळात गेले तर माशांना मारक ठरते.

आता उपयोगाकडे वळू. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उघड्या मातीवर व बांधाच्या कापावर हा पाऊस आदळला की माती धुऊन जाते. हरितेची चादर थेंबाचा मार झेलते, पाणी शोषून सावकाश सोडते व धूळ-पालापाचोळा धरून ठेवते. त्या चिमूटभर मातीत पुढे नेचे व इतर रोपे उगवतात. झाडावर वाढणाऱ्या सीतेच्या वेणीसारख्या आमरींच्या मुळांनाही हा ओला गादीवाफा मानवतो.

बागेत हरिता लावणे सोपे आहे. जून-जुलैत आपल्याच कुंपणावरचा तळहाताएवढा तुकडा उचलावा व भोवतालचा तसाच ठेवावा. सावलीतल्या ओल्या चिऱ्यावर, कुंडीच्या मातीवर किंवा पायवाटेच्या कडेच्या फटीत तो दाबून बसवावा. खत घालू नये. जपानात क्योतो येथील साइहो-जी मठाची बाग सुमारे १२० प्रकारच्या हरितांनी नटलेली आहे. आपल्याकडे पाऊस व चिरा फुकट आहेत, आणि आपण खराटा घेऊन धावतो.

परंतु रानातून पोती भरून हरिता आणू नये. ती हळू वाढते. अभयारण्यातून काढणे तर कायद्याने गुन्हा आहे. गुटी कलमासाठी विकत मिळते ते स्फॅग्नम थंड प्रदेशातले. ते आपल्या वजनाच्या वीसेक पट पाणी धरते, व पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासही वापरले गेले. पण आपल्या कलमांना सोडणाचा ओला भुसाही चालतो. नाताळच्या गोठ्यासाठीही रान ओरबाडण्यापेक्षा ताटात नाचणी पेरावी.

डिचोलीकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हरिता सारे काही अंगावरून घेते म्हणून हवेतली धूळ व धातूही तिच्यात साठतात. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात हे हेरले, आणि १९९० पासून युरोपातले अनेक देश दर पाच वर्षांनी हरितेची तपासणी करून हवेतल्या धातूंचा माग घेतात. २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये बंद पडलेल्या आपल्या खाणी आता परत सुरू होत आहेत. अशा वेळी ट्रकच्या रस्त्याकडेची हरिता प्रयोगशाळेत तपासली जावी, असे आमचे ठाम मत आहे. हा साक्षीदार कोणाच्या पगारावर नाही.

या विद्येत आपल्या धर्मगुरूंचाही हात आहे. शेंबगनूरचे जेज्वित फादर फोरो यांनी पळणी डोंगरांतल्या हरिता वर्षानुवर्षे गोळा केल्या व १९६१ मध्ये त्यांची यादी छापली. गोव्यातल्या शाळांतील मुलांनी एक साधे भिंग घेऊन आपल्या गावाची यादी सुरू करण्यास काय हरकत आहे?

शेवटी आरोग्याची गोष्ट. विहिरीची पायरी, न्हाणीची फरशी, अंगणातली वाट व चर्चच्या पायऱ्या खसखसून घासल्याच पाहिजेत. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणाला खिळतो, आणि घरही. तेव्हा नियम एवढाच पाळावा: जेथे पाय पडतो तेथे घासा, जेथे पडत नाही तेथे राहू द्या.