कुलूप शाबूत, पण वेळ चुगली करते

ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर जो दरोडा पडला, तो अजून बाजारपेठेच्या आठवणीत आहे. ११ आणि १३ तारखेला मिळून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनी पैसे निघाले आणि १३ कोटी ९२ लाख रुपये तर थेट हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. या चोरीत सांकेतिक कुलपाशी झटापट करण्याची चोरांना गरजच पडली नाही. त्यांनी बँकेच्या यंत्रणेत एक खोटा स्विच बसवला आणि 'पैसे द्या' हा होकार बँकेऐवजी तोच देऊ लागला.

यावरून काही व्यापारी बांधव असा अर्थ काढतात की, कुलूप तर अभेद्य आहे, बाकीची काळजी बँकेने वाहावी. यातील पहिला भाग खरा नाही आणि दुसरा अर्धाच खरा आहे.

दुकानातील कार्डाचे मशीन, जीएसटीचे रिटर्न, फोनवरचे पेमेंट, हे सर्व इंटरनेटवरून जाताना कुलूपबंद होऊन जाते. या कुलपाचे गणित उत्तम आहे. परंतु गणित कागदावर असते आणि ते सोडवणाऱ्या संगणकाला वेळ लागतो. हा वेळच कधी कधी गुपित सांगून टाकतो. असा हल्ला शक्य आहे, हे पॉल कोचर या अमेरिकन संशोधकाने १९९६ मध्ये दाखवून दिले.

वेळ चुगली कशी करते हे व्यापाऱ्याला वेगळे शिकवण्याची गरज नाही. बोहरी आळीत घाऊक माल घ्यायला आलेले जुने गिऱ्हाईक दुकानदाराच्या शब्दांपेक्षा त्याच्या थांबण्याकडे लक्ष देते. "तीनशेला द्याल का?" यावर ताडकन "नाही" आले, तर भाव खरोखरच परवडत नाही. तेच "नाही" दोन क्षण थांबून आले, तर मनात हिशेब झाला, म्हणजे अजून जागा आहे. तोंडाने दोन्ही वेळा एकच शब्द निघाला, पण गुपित फुटले.

फेब्रुवारी २०१३ मध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील नाधेम अल-फरदान आणि केनी पॅटरसन यांनी नेमके हेच संगणकाच्या बाबतीत करून दाखवले. या हल्ल्याला 'लकी थर्टीन' म्हणतात. मजकूर पेटीत घालताना उरलेली जागा भुशाने भरावी तशी ती भरली जाते आणि मजकुराबरोबर एक मोहोर असते. मध्ये बसलेला चोर पेटीत थोडी ढवळाढवळ करतो. पलीकडचा संगणक मोहोर तपासून "चूक आहे" म्हणतो. आत भुसा किती होता त्यानुसार हे म्हणायला किंचित कमी किंवा जास्त वेळ लागतो. फरक जेमतेम सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास! पण हजारो वेळा विचारून तो मोजता येतो. पूर्ण तुकडा उलगडायला त्यांच्या हिशेबाने ८० लाखांहून अधिक जोडण्या लागत होत्या. काही अक्षरे आधीच ठाऊक असतील तर एका अक्षरामागे सुमारे आठ हजार. शिवाय चोर जवळच, त्याच जाळ्यावर असला तर बरे. शेजारच्या चार दुकानांत मिळून एकच वायफाय वापरणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

यावर उपाय म्हणजे दरवेळी तितकाच वेळ लावणे. उत्तर मनात तयार असले तरी आधी चोपडी उघडायची, पान उलटायचे, मगच बोलायचे. कुणी म्हणेल, कधी लगेच तर कधी उशिरा असे मुद्दाम गोंधळात टाकले तर? ॲमेझॉन कंपनीने २०१५ मध्ये काढलेल्या आपल्या कुलपात तशी युक्तीही ठेवली होती. त्याच वर्षी पॅटरसन आणि मार्टिन आल्ब्रेख्त यांनी तिच्यातील कमतरता दाखवून दिली आणि कंपनीला दुरुस्ती करावी लागली. चिकट गिऱ्हाईक शंभरदा विचारते आणि सरासरी काढते, तसेच हे.

जगातील असंख्य सर्व्हर ज्यावर चालतात ते ओपन-एसएसएल हे कुलूप फुकट मिळते. त्याच्या कारागिरांनी लकी थर्टीनची दुरुस्ती ५ फेब्रुवारी २०१३ रोजी, म्हणजे बातमी फुटताच, बाजारात आणली. मात्र त्या दुरुस्तीतच दोष निघाला आणि ११ तारखेला दुसरी आवृत्ती काढावी लागली. मे २०१६ मध्ये असे उघड झाले की, तीन वर्षांपूर्वीच्या त्या दुरुस्तीनेच आणखी एक छिद्र पाडून ठेवले होते. तेही मग बुजवले गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये, म्हणजे कॉसमॉसवर दरोडा पडला त्याच महिन्यात, या कुलपाचा नवा नमुना, टीएलएस १.३, प्रसिद्ध झाला आणि त्यातून ती जुनी पेटीची पद्धतच काढून टाकण्यात आली.

"अपडेट केले की बिलिंग बंद पडते," ही आपल्या व्यापाऱ्यांची तक्रार खोटी नाही, हे वरील हकिकतीवरूनच दिसते. दुरुस्ती करताना मोडतोड होते. परंतु दुरुस्ती न करण्याची किंमत वेगळीच असते. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीचा हल्ला झाला आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे पेमेंट काही काळ तोडावे लागले. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार चोर शिरले ते एका पुरवठादाराच्या सर्व्हरमधून, ज्या त्रुटीची दुरुस्ती त्याच वर्षी जानेवारीत प्रसिद्ध झाली होती. कारागिराने पाना तयार करून ठेवला होता, कुणी बोल्ट आवळला नाही. भुर्दंड पडला तो सहकारी व ग्रामीण बँकांत खाते असलेल्या छोट्या माणसाला.

म्हणून आमचे मत असे की, अपडेट ही संगणकवाल्याची मेहेरबानी नसून सौद्याची अट असली पाहिजे. नाना पेठेत सुटे भाग विकणारा गॅरंटीविना माल घेत नाही. मग बिलिंगचे सॉफ्टवेअर घेताना तो गप्प का बसतो? वार्षिक देखभालीच्या करारात एक ओळ घालून घ्या: सुरक्षेची दुरुस्ती निघाल्यापासून किती दिवसांत ती बसवली जाईल? कार्डाचे मशीन ज्या बँकेचे आहे तिच्याकडे लेखी विचारा की, मशीन शेवटचे कधी अपडेट झाले आणि ते टीएलएसच्या कोणत्या आवृत्तीवर चालते. उत्तरात १.० किंवा १.१ आले तर मशीन बदलून मागा. एकट्या दुकानदाराच्या पत्राला बँक उत्तर देईलच असे नाही, बाजारपेठेच्या संघटनेच्या पत्राला द्यावे लागते. ग्राहकाने कार्ड आपल्या हाती दिले, ती अमानत आहे; आणि ती फुटली तर ग्राहक प्रथम दुकानदाराचेच नाव घेतो, लंडनच्या संशोधकाचे नव्हे.

घरचे कामही थोडे आहे. विंडोज ७ ला मिळणारा सर्वसाधारण आधार जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. असा संगणक हिशेबाला ठेवा, पण त्यावरून बँकेचे व्यवहार करू नका. फोनला कंपनीचे सुरक्षा अपडेट येणे थांबले असेल तर त्यावर धंद्याचे खाते ठेवू नये. वायफायचा पासवर्ड शेजाऱ्यांना दिला असेल तर बदलावा, नाराजी पत्करून. अपडेटसाठी दिवस निवडायचा तर २० तारखेचे रिटर्न भरून झाल्यावरचा निवडा. आदल्या रात्री सर्व हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर काढून घरी न्या आणि सकाळी दुकान उघडण्यापूर्वी एक खोटे बिल काढून पाहा.