घसारा

बी.कॉम.ला असताना मला एकच धडा नीट कळला : घसारा. वस्तू वापरली की झिजते आणि ती झीज मालकाच्या खर्चात मांडायची. भाड्याने मोटारी देणाऱ्यांना हा धडा अर्धाच पाठ असतो. हिशेबाच्या वहीत झीज मालकाची, वसुली गिऱ्हाइकाकडून!

मडगावला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं मिरवणारी गाडी चार दिवसांनी परत करायला गेलो. तिथल्या पोराने तिला अशी प्रदक्षिणा घातली, की आता नारळ फोडतो की काय! मग मागच्या दाराशी उकिडवा बसला.

"साहेब, ओरखडा. अनामतीतून साडेतीन हजार कापतो."

"अरे, गंजलाय तो. चार दिवसांत?"

"समुद्राची हवा, साहेब."

म्हणजे हा ओरखडा बुजवायचा नसतोच. पुढच्या गिऱ्हाइकासाठी राखायचा असतो. बँकेत आम्ही याला आवर्ती ठेव म्हणतो.

"करारावर सही आहे तुमची." अहो, असेना! 1872 च्या करार कायद्याचं 74 वं कलम सांगतं, की करारात आकडा लिहिला म्हणून तो सगळा पदरात पडत नाही. मिळते ती वाजवी भरपाई, आणि तो आकडा ही फक्त तिची कमाल मर्यादा. तेव्हा दुरुस्तीचं बिल दाखवा, नाहीतर अनामत टाका!

मी हे सगळं काउंटरवर ठणकावलं. पोरगा निवांत. "घेतानाचा फोटो आहे?"

होता की! हिच्या मोबाइलमधला फोटो मी विजयी मुद्रेने पुढे केला. त्यात मागच्या दाराला टेकून, ओरखड्याच्या बरोबर पुढे, मीच हसत उभा होतो.